बोट टेकलं, पण कुठं?

काचेच्या कडेतून नखाएवढ्या रुंदीची एक चपटी पट्टी बाहेर आलेली असते. तिच्यात चार तारा, आणि बहुतेक वेळा त्यांच्यावर नाव ना खूण. कुठली तार कशाची हे सांगणारा कागद काचेबरोबर आला असेल तर नशीब. नाहीतर मल्टिमीटर ओहमवर लावायचा आणि दोन-दोन टोकं धरून पाहत बसायचं. चार टोकांच्या सहा जोड्या होतात. त्यांतल्या दोन जोड्यांमध्ये काहीशे ओहमचा रोध दिसतो, उरलेल्या चार जोड्या मुक्या राहतात. मग काचेवर बोट दाबलं की त्या मुक्या जोड्याही बोलायला लागतात आणि बोट सरकवलं की मीटरवरचा आकडाही सरकतो. रेझिस्टिव्ह टचस्क्रीनचं बहुतेक सगळं शास्त्र या दोन मिनिटांत उरकतं. वर लवचिक प्लास्टिकची फिल्म, खाली काच. दोन्हींच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीज वाहणारा मुलामा. मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा ठिपक्यांनी राखलेली हवेची पोकळी. एका थराच्या डाव्या-उजव्या कडांना चांदीच्या पट्ट्या, दुसऱ्याच्या वरच्या-खालच्या कडांना. डावी-उजवीकडे ३.३ व्होल्ट दिले की त्या थरावर विजेचा उतार तयार होतो. बोटानं फिल्म खाली टेकली की दुसरा थर त्या जागेचा विजेचा दाब उचलून बाहेर सांगतो. काठापासून तीन चतुर्थांश अंतरावर बोट असेल तर अडीच व्होल्टच्या जरा खाली. मग थरांनी भूमिका बदलायच्या आणि दुसऱ्या दिशेचं मोजमाप घ्यायचं. झाले दोन आकडे.

पण दोन आकडे म्हणजे स्पर्श नव्हे. काच फक्त व्होल्ट देते. ते व्होल्ट बोटाचे की घट्ट बसवलेल्या चौकटीचे, मुद्दाम दाबल्याचे की मनगट टेकल्याचे, एकदाच्या दाबाचे की थरथरत्या हाताच्या तीन दाबांचे, हे सगळं काचेमागच्या तळहाताएवढ्या कंट्रोलर बोर्डावर आणि त्याला दिलेल्या मोजक्या सेटिंगांमध्ये ठरतं. म्हणून टचस्क्रीनवर स्पर्श मोजला जातो असं म्हणणं अर्धंच खरं आहे. मोजला जातो तो विजेचा दाब. स्पर्श ठरवला जातो. आणि ठरवायचं असेल तर ते कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं आणि ज्याचं बोट आहे त्याला त्यात काही पाहता-बोलता येतं का, हे विचारायलाच हवं. माझं म्हणणं असं की बोर्डाची जुळवणी हे कारखान्यातून उरकून पाठवायचं आणि पुढं झाकून ठेवायचं काम नाही. ती पडदा जिथं वापरला जाणार तिथं, वापरणाऱ्याला समोर ठेवून व्हावी आणि तिची नोंद उघडी असावी.

या तंत्राच्या जन्मकथेतच याचा एक धागा आहे. सॅम हर्स्ट हे अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ. १९७०च्या सुमारास केंटकी विद्यापीठात असताना त्यांच्यापुढं आलेखांच्या लांबलचक कागदी पट्ट्यांचा ढीग होता, आणि त्यांवरचा एकेक बिंदू वाचून त्याचे आकडे उतरवायचे होते. वीज वाहणाऱ्या कागदावर आलेख ठेवून टोकदार वस्तूनं बिंदू दाबायचा आणि त्याची जागा व्होल्टमध्ये वाचायची, ही युक्ती त्यातून निघाली. १९७१मध्ये त्यांनी इलोग्राफिक्स ही कंपनी काढली आणि काही वर्षांत तो पृष्ठभाग पारदर्शक झाला. म्हणजे ही वस्तू जन्मली मोजपट्टी म्हणून. बटणाचं काम तिच्याकडं नंतर आलं. मोजपट्टी वापरणाऱ्याला ठाऊक असतं की शून्य कुठं आहे ते आधी पाहायचं असतं. बटण दाबणाऱ्याला तसं काही वाटत नाही, आणि वाटावं अशी अपेक्षाही नसते. आजच्या बऱ्याच कटकटी मोजपट्टीला बटणाचे कपडे चढवल्यामुळं झालेल्या आहेत.

आता बोर्डाकडं येऊ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पावणेतीन किंवा साडेतीन इंची रंगीत पडदा घेतला तर मागच्या बाजूला बहुधा एक्सपीटी २०४६ नावाची चिप सापडते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडीएस ७८४६ या जुन्या चिपची भाषा ती बोलते. हिला आठ बिटांचा हुकूम द्यायचा आणि बारा बिटांचं उत्तर घ्यायचं, एवढाच व्यवहार. एका दिशेसाठी ११०१००००, दुसरीसाठी १००१००००. पहिला १ म्हणजे ‘हुकूम सुरू’, पुढचे तीन बिट कुठली तार वाचायची ते सांगतात, आणि शेवटचे दोन सांगतात की मोजून झाल्यावर चिपनं झोपायचं की जागं राहायचं. हे शेवटचे दोन शून्य दिसायला बिनमहत्त्वाचे. पण त्यांच्या जागी ११ गेलं, तर चिप जागी राहते आणि ‘कुणीतरी दाबलंय’ ही वर्दी देणारी तार मात्र बंद पडते. पडदा पहिला स्पर्श घेतो आणि मग मुका होतो. बसवणारा काच बदलून पाहतो, केबल बदलून पाहतो, आणि दोष असतो दोन बिटांत. अशीच दुसरी गंमत उत्तराची. बारा बिटांचं उत्तर सोळा बिटांच्या डब्यात येतं आणि तीन घरं उजवीकडं सरकवावं लागतं. ते राहून गेलं तर ४०९५ऐवजी ३२७६० पर्यंतचे आकडे दिसू लागतात, आणि काही बहाद्दर त्याच आकड्यांवर कॅलिब्रेशन करून मोकळे होतात. चालतंही ते. आपण काय मोजतोय हे न कळता मोजत राहता येतं, हा या बोर्डाचा गुण म्हणा की दोष.

चिपमधली एक सोय मात्र खरोखर शहाणपणाची आहे. काचेला दिलेला विजेचा दाब आणि मोजताना धरलेला पूर्ण दाब हे दोन्ही एकाच जागेवरून घ्यायचे. मग वीज ३.३ व्होल्टची ३.१ झाली तरी गुणोत्तर तेच राहतं आणि बोटाची जागा हलत नाही. मोजमाप निरपेक्ष ठेवायचं नाही, नातं मोजायचं. ही पद्धत न वापरता बाहेरचा ठरावीक संदर्भ धरला, तर वीज थोडी हलली की काचेवरचं बोट कागदोपत्री चालायला लागतं. तारांच्या अदलाबदलीचंही असंच आहे. डावं-उजवं उलटलं, वर-खाली उलटलं किंवा आडव्या-उभ्या जोड्यांची आपसांत अदलाबदल झाली तर सॉफ्टवेअरमध्ये निस्तरता येतं. पण जोडीच मोडली, म्हणजे एका थराची एक तार आणि दुसऱ्याची एक तार मिळून जोडी समजली गेली, तर पुढं कितीही गणित केलं तरी उपयोग नाही. सुरुवातीची ती मल्टिमीटरची दोन मिनिटं म्हणूनच वाचवायची नसतात.

बारा बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. साडेतीन इंची पडद्याची लांब बाजू साधारण ७३ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला पन्नासहून अधिक पायऱ्या. आणि बोट टेकतं ते आठ-दहा मिलिमीटरच्या ठशानं. आकड्यांची ही श्रीमंती पोकळ आहे. एकाच जागी बोट धरून ठेवलं तरी वाचन पाच-दहा पायऱ्यांनी नाचत राहतं. मागच्या एलसीडीची आणि तिच्या दिव्याची विजेची कुजबुज त्यात मिसळते. फिल्म नुकती टेकतेय किंवा नुकती सुटतेय अशा क्षणी तर वाचन भलतीकडंच उडी मारतं. म्हणून गाळण्या लावाव्या लागतात. सलग काही वाचनं घ्यायची, ती एकमेकांच्या जवळ असतील तरच ग्राह्य धरायची. पहिलं आणि शेवटचं टाकून द्यायचं. दाब ठरावीक मर्यादेखाली असेल तर स्पर्शच मानायचा नाही. लिनक्समधल्या या चिपच्या ड्रायव्हरमध्ये यातल्या बहुतेक गोष्टींसाठी वेगवेगळे आकडे देता येतात: किती वेळा पाहायचं, किती फरक चालेल, तारा बदलल्यावर किती मायक्रोसेकंद थांबायचं. यातलं काही दिलं नाही तरी ड्रायव्हर तक्रार करत नाही. काचेचा रोध सांगितला नाही तर तो ४०० ओहम धरून चालतो. काच ४००ची असो वा ८००ची. जागा चुकत नाही, पण दाबाचा अंदाज चुकतो, आणि दाबावरच तर ‘हा स्पर्श की नुसता धक्का’ हे ठरायचं असतं.

या गाळण्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण स्पर्श ठरवण्याचं खरं काम त्या करतात. गाळणी सैल ठेवली तर एका दाबाचे दोन दाब होतात. घट्ट ठेवली तर हलका, चटकन उठणारा स्पर्श गळून जातो. पडद्यावर स्टायलसनं देवनागरी लिहून पाहिलं की हे लगेच कळतं. शिरोरेषा लांब आणि स्थिर असते, ती कुठल्याही गाळणीतून सुखरूप येते. अनुस्वार म्हणजे एक टिंब. टेकलं न टेकलं तोच उचललेलं. सलग आठ सारखी वाचनं मागणाऱ्या गाळणीपुढं ते टिंब टिकेलच असं नाही, आणि ‘कुंभार’ लिहिला तर ‘कुभार’ उरतो. रोमन लिपीवर बेतलेल्या आकड्यांनी आयवरचा ठिपका गेला तरी वाचणारा सांभाळून घेतो. आपल्याकडं टिंब गेलं की अर्थ जातो. गाळणीचा आकडा तांत्रिक दिसतो. पण कुणाचा हात, कुठली लिपी, किती घाई हे सगळं त्यात गृहीत धरलेलं असतं. कुणीतरी ते धरलेलं असतं.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे दाखवणारं प्रकरण अमेरिकेतलं आहे. ७ नोव्हेंबर २००६ रोजी फ्लोरिडातल्या १३व्या मतदारसंघात प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी निवडणूक झाली. व्हर्न ब्युकॅनन ३६९ मतांनी क्रिस्टीन जेनिंग्ज यांच्यावर विजयी झाले. पण त्या मतदारसंघातल्या सारासोटा काउंटीत टचस्क्रीन यंत्रांवर मत देणाऱ्या १८ हजारांहून अधिक लोकांची या एका जागेसाठी कुठलीच पसंती नोंदली गेली नव्हती. टपालानं आलेल्या कागदी मतांमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी होतं. आणि निवडणुकीच्या काही महिने आधी, ऑगस्टमध्ये, यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं काउंट्यांना कळवलं होतं की काही पडदे स्पर्शाला उशिरा उत्तर देतात, कारण त्यांत स्पर्श स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत थांबणारी एक गाळणी आहे. आपण वर पाहिली तीच जात. पुढं वाद झाला, तज्ज्ञांनी यंत्रांचा मूळ प्रोग्राम तपासला, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं यंत्रांवर चाचण्या घेतल्या, मुद्दाम कॅलिब्रेशन बिघडवूनही मतं नोंदून पाहिली. यंत्रांमुळं मतं हरवली असं काही त्यांना आढळलं नाही. बहुतेक अभ्यासकांचं बोट पडद्याच्या मांडणीकडं आहे: ही लढत गव्हर्नरपदाच्या मोठ्या लढतीबरोबर एकाच पानावर आली आणि मतदारांच्या नजरेतून सुटली. ते मला पटतं. गाळणीनं निकाल फिरवला असा दावा मी करत नाही. पण गाळणी होती, तिच्यामुळं उशीर होतो हे माहीत होतं, आणि ज्याचं बोट पडद्यावर होतं त्याला आपलं बोट किती वेळ टेकवायचं आहे हे सांगणारी पाटी मात्र नव्हती. ‘माझं मत गेलं का?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या आकड्यात होतं, तो आकडा मतदाराला कधीच दिसणार नव्हता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडानं कायदा करून बहुतांश मतदान पुन्हा कागदाकडं वळवलं. आपल्या मतदान यंत्रावर बटणं आहेत, पडदा नाही. बटण दाबलं की खटका बसल्याचं बोटाला कळतं. त्या खटक्याची किंमत अशा वेळी समजते.

गाळणीनंतर उरतं कॅलिब्रेशन, म्हणजे काचेचे आकडे आणि खालच्या चित्राचे पिक्सेल यांचं लग्न लावणं. पडद्यावर फुल्या येतात, त्यांवर दाबायचं. एका रेषेत नसलेले तीन बिंदू मिळाले की सहा गुणक निघतात, आणि त्यांत सरकणं, ताणणं, थोडं फिरलेलं असणं, तिरकं असणं, सगळं एकदम भरून निघतं. दोनच बिंदूंवर भागवलं तर काच चिकटवताना जराशी फिरली असल्याचा दोष तसाच राहतो, आणि एका कोपऱ्यात नेम बरोबर, समोरच्या कोपऱ्यात चुकलेला असं होतं. टीएसलिब नावाची जुनी, कामाची संगणकीय हत्यारपेटी पाच फुल्या दाखवते आणि उत्तर एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते: सहा गुणक आणि सातवा भाजक. एका ओळीत मावणारं हे लग्नपत्र. पण फुलीवर दाबणारा माणूस फुली पाहतो कुठून? काच आणि एलसीडी यांच्यात अंतर असतं. ते दोन मिलिमीटर असलं आणि माणूस तिरका, ४५ अंशांतून पाहत असला, तर दिसणारी जागा दीड-दोन मिलिमीटरनं सरकते. साडेतीन इंची पडद्यावर दहा-बारा पिक्सेल. मेकॅनिकनं उभं राहून फुल्या दाबल्या आणि ऑपरेटर स्टुलावर बसून काम करणार असेल, तर कॅलिब्रेशन मेकॅनिकच्या उंचीसाठी झालेलं असतं. ऑपरेटरचं बोट रोज ठरावीक अंतरानं चुकतं, आणि दोष बोटाला मिळतो. म्हणून फुल्या रोज काम करणाऱ्यानंच, रोजच्या जागेवरून दाबाव्यात. मेकॅनिकनं बाजूला उभं राहून पाहावं.

याला तीन आक्षेप येतील, आणि पहिला आक्षेप म्हणेल की हा सगळा प्रश्नच शिळा झाला. २००७च्या आयफोननंतर कॅपॅसिटिव्ह पडदे आले. ते न दाबता ओळखतात, दोन बोटं ओळखतात, फुल्या दाबायला सांगत नाहीत. यात तथ्य आहे. चार तारांच्या काचेवर दोन बोटं टेकवली तर ती भलत्याच, मधल्या कुठल्यातरी जागेचा एकच बिंदू सांगते. आपल्याकडं याचा धडा ‘आकाश’नं घेतला. ऑक्टोबर २०११मध्ये सरकारी प्रकल्पातून आलेल्या त्या स्वस्त टॅबलेटला रेझिस्टिव्ह पडदा होता, आणि त्याच्यावर सर्वाधिक टीका झालेल्या गोष्टींत तो पडदा होता. पुढं प्रकल्प पवईच्या आयआयटीकडं आला आणि २०१२च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या ‘आकाश’ला कॅपॅसिटिव्ह पडदा लागला. ते योग्यच झालं. विद्यार्थ्यांच्या हातात द्यायच्या वस्तूला तोच हवा. पण त्यामुळं स्पर्श ठरवणं बंद झालं का? उलट ते आत गेलं. कॅपॅसिटिव्ह कंट्रोलर आपला शून्य सतत स्वतःच सरकवत असतो. बोटाचं किती ‘बोटपण’ पुरेसं, पाण्याचा थेंब कुठला, हातमोजा कुठला, हे आकडे उत्पादकानं चिपमध्ये भरलेले असतात आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही ते सहसा दिसत नाहीत. पावसाळ्यात भिजलेला फोन आपोआप भलतंच उघडू लागतो, तेव्हा आपण त्याला पुसतो, शर्टाला घासतो. सेटिंग बदलत नाही, कारण बदलायला दिलेलंच नाही. शिवाय जाड हातमोजे घालून मशीन चालवणाऱ्याला, पेनाच्या मागच्या टोकानं दाबणाऱ्याला, ओल्या हाताच्या माणसाला अजूनही दाबानं चालणारी काच सोयीची पडते. ती झिजते, हे खरं. चार तारांच्या काचेची वरची फिल्म वाकून-वाकून मुलाम्याला बारीक तडे जातात आणि सर्वांत जास्त दाबल्या जाणाऱ्या बटणाखालचे आकडे आधी बिघडतात. वरच्या फिल्मवर मोजमापाचा भार न टाकणारी पाच तारांची काच कितीतरी जास्त टिकते. पण झीज डोळ्यांना दिसते, कॅलिब्रेशनमध्ये सापडते. हाच तिचा मोठा गुण वाटतो मला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेटिंग उघडी ठेवली तर कुणीही छेडछाड करील. उद्या कुणी वजनकाट्याच्या पडद्यावर शून्याचं बटण भलत्याच जागी नेऊन ठेवील. पण दिसणं आणि बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्याला बाजारातल्या तराजूनं केव्हाच शिकवलंय. वैधमापन शास्त्राचे निरीक्षक वजनं आणि काटे ठरावीक मुदतीनं तपासतात, मुद्रांकित करतात, सील लावतात. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. दुकानदाराला काटा सैल करता येत नाही, पण गिऱ्हाइकाला काटा शून्यावर आहे ना हे पाहता येतं. कॅलिब्रेशनच्या सात आकड्यांना असंच करायला काय हरकत आहे? बदलायला किल्ली लागू द्या, पासवर्ड लागू द्या. वाचायला काही लागू देऊ नका.

उरला तिसरा, कंटाळ्याचा आक्षेप: कामावर आलेल्या माणसाला हे गाळणीचे आकडे कशाला हवेत? त्याला नकोतच. बोर्ड बसवणाऱ्यानं कंट्रोल पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा, वायरमन वायरिंगचा नकाशा चिकटवतो तसा. चार तारांचा क्रम, बिनस्पर्शाचा मोजलेला रोध, गाळणीचे आकडे, कॅलिब्रेशनच्या फाइलमधली ओळ, तारीख, आणि फुल्या दाबणारा उभा होता की बसलेला. दोन वर्षांनी ‘सुरू’चं बटण ऐकेनासं झालं की मेकॅनिकनं मल्टिमीटर काढून तो रोध पुन्हा मोजावा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. जुना आकडा ४२० असेल आणि नवा ६९० आला, तर बोर्ड बदलायची गरज नाही. काच मागवायची आहे.